हा याकोब नक्की कुठला? चित्र बघून कसं ओळखायचं

गेल्या महिन्यात नाशिकला शरणपूर रोडला एका ओळखीच्यांकडे गेलो होतो तर त्यांची नात संडे स्कूलसाठी चार्ट करत बसलेली, विषय याकोबाचं जीवन, आणि तिने नेटवरून सहा चित्रं प्रिंट काढून ओळीने चिकटवली होती. एकात माणूस उघड्यावर दगडाला डोकं टेकून झोपलाय, दुसऱ्यात देवदूताशी झोंबी चालू आहे, तिसऱ्यात एक दाढीवाला, टोपीला शिंपला लावलेला, आणि चौथ्यात तर पांढऱ्या घोड्यावर बसून तलवार उगारलेली. आजींनी चष्मा लावून बघितलं आणि म्हणाल्या, "अगं, आपला याकोब घोड्यावर बसून कधी लढला?"

आजींचा प्रश्न बरोबर होता, आणि पोरीचीही काही चूक नव्हती. आपल्या मराठी बायबलात उत्पत्तीमधला इसहाकाचा मुलगा याकोब, येशूच्या बारा शिष्यांतला जब्दीचा मुलगा याकोब, त्याच बारांतला अल्फीचा मुलगा याकोब, आणि शेवटी पत्र लिहिणारा याकोब, सगळे याकोबच. इंग्रजीत मात्र पहिल्याला जेकब म्हणतात आणि बाकीच्यांना जेम्स, त्यामुळे इंग्रजी वाचणाऱ्याला ही एकाच नावाची माणसं आहेत हे कित्येकदा माहीतही नसतं. खरं तर मराठी इथे मूळ हिब्रूच्या जास्त जवळ आहे, हिब्रूत नाव एकच, याकोव, आणि उत्पत्तीत ते टाचेशी जोडलेलं आहे कारण हा जन्मला तेव्हा जुळ्या भावाची, एसावाची टाच धरून बाहेर आला. ग्रीक नव्या करारात जुन्या याकोबाचं नाव आहे तसंच ठेवलं, याकोब, आणि नव्या लोकांच्या नावाला ग्रीक शेपूट लावलं, याकोबोस. तिथून लॅटिनमधे याकोबुस, मग बोलीत याकोमुस, आणि त्याचं घासत घासत जेम्स झालं. म्हणून चित्राखालची पट्टी वाचताना आधी मनात दोन्हीचं याकोब करा आणि मगच कुठला ते ठरवा.

ठरवायचं कसं, तर हे काम नाशिककराला खरंच अवघड नाही, आपण ते लहानपणापासून करतोय. राम किती आहेत? हातात परशू असेल तर परशुराम, धनुष्य असेल तर दशरथाचा राम, खांद्यावर नांगर असेल तर बलराम. काळारामाच्या देवळात शेजारी सीता आणि लक्ष्मण आहेत, तिथे कोणी विचारत नाही हा कुठला राम. विष्णूच्या मूर्तीत तर शंख चक्र गदा पद्म कुठल्या हातात काय यावरून केशव की माधव की नारायण अशी चोवीस नावं बदलतात. म्हणजे हातात काय, शेजारी कोण, चाललंय काय, हे तीन प्रश्न आपल्याला येतातच, फक्त ते युरोपच्या चित्रांना लावायचे.

पण याकोबांच्या बाबतीत मी क्रम उलटा करायला सांगेन. पहिला प्रश्न: चित्रात काही घडतंय का? जुन्या याकोबाकडे ठरलेली वस्तू नाही, त्याच्याकडे गोष्टी आहेत, आणि चित्रकार त्याला नेहमी गोष्टीच्या मधोमध पकडतो, झोपलेला, झुंजणारा, फसवणारा, रडणारा. शिष्य याकोब बहुतेक वेळा नुसता उभा किंवा बसलेला असतो, आपल्याकडे बघत किंवा वर बघत, आणि हातात ओळखीची वस्तू. काही घडतंय तर आधी उत्पत्ती आठवा. काही घडत नाही आणि हातात काहीतरी आहे, तर शिष्य. या एका प्रश्नावर निम्म्याहून जास्त चित्रं सुटतात असा माझा अनुभव आहे. अपवाद आहेत, ते पुढे सांगतो.

आता जुन्या याकोबाचे प्रसंग नीट माहीत हवेत, नाहीतर घडतंय काय तेच कळणार नाही. सगळ्यात फसवं चित्र म्हणजे स्वप्नाचं. गोष्ट अशी की भावाच्या भीतीने घर सोडून निघालेला याकोब रात्री वाटेत दगड उशाला घेऊन झोपतो आणि त्याला जमिनीपासून आकाशापर्यंत शिडी दिसते, तिच्यावरून देवदूत वरखाली करतायत. शिडी दिसली की काम सोपं. इंग्लंडमधे बाथ गावच्या ॲबीच्या दर्शनी भिंतीवर तर दगडात दोन लांब शिड्या कोरल्यात आणि त्यांच्यावर देवदूत चढतायत. विल्यम ब्लेकने शिडीऐवजी गोल वळत जाणारा जिना काढला, तोही ओळखू येतो. पण रिबेरा या स्पॅनिश चित्रकाराने १६३९ मधे जे चित्र काढलं, आता माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात आहे, त्यात शिडीच नाही! एक थकलेला माणूस जमिनीवर कोपर टेकून गाढ झोपलाय, मागे एक झाड, आणि वर आकाशात पिवळसर उजेडाचा पट्टा. कोणीही म्हणेल धनगर आहे, दुपारचा आडवा झालाय. त्या उजेडात डोळे बारीक करून बघितलं तर देवदूतांचे आकार दिसतात, जवळजवळ ढगच. हे माझं सगळ्यात आवडतं याकोबाचं चित्र आहे कारण स्वप्न त्यालाच पडलंय, शेजारून जाणाऱ्याला ते दिसणार नाही, आणि रिबेराने आपल्याला त्या शेजारून जाणाऱ्याच्या जागी उभं केलंय. तर नियम काय, झोपलेला माणूस दिसला की लगेच पुढे स्क्रोल करू नका, आधी उशाला दगड आहे का बघा आणि मग आकाशाकडे बघा.

दुसरा प्रसंग झोंबीचा. यब्बोक नदीच्या काठी रात्रभर कोणीतरी त्याच्याशी झुंजतो, उजाडेपर्यंत, मांडीचा सांधा निखळतो, आणि याकोब म्हणतो आशीर्वाद दिल्याशिवाय सोडणार नाही, तेव्हा त्याला इस्राएल हे नाव मिळतं. एक पंखवाला आणि एक बिनपंखाचा एकमेकांना भिडलेत, दुसऱ्या कुठल्या याकोबाच्या वाट्याला हे आलेलं नाही त्यामुळे ओळखायला शंका राहत नाही. इथे कोणी कसं काढलं ते बघण्यात खरी मजा आहे. रेम्ब्रांटचं बर्लिनमधलं चित्र साधारण १६५९ चं, त्यातला देवदूत झुंजतोय असं वाटतच नाही, त्याने याकोबाला आजारी मुलाला धरावं तसं धरलंय आणि चेहरा इतका शांत की बघत राहावं. दलाक्रवाने पॅरिसच्या सँ-सुल्पीस चर्चच्या भिंतीवर हेच काढलं, १८६१ मधे पूर्ण झालं, तिथे याकोब मान खाली घालून एडक्यासारखा धडक देतोय, देवदूताने त्याची मांडी धरलीये आणि समोर जमिनीवर याकोबाचे कपडे, टोपी, शस्त्रं यांचा ढीग पडलाय, म्हणजे सगळं टाकून तो रिकाम्या हाताने भिडलाय हे त्या ढिगावरून कळतं. गोगँचं १८८८ चं चित्र एडिंबराला आहे, तिथे झोंबी कोपऱ्यात छोटीशी, लालभडक जमिनीवर, आणि पुढे पांढऱ्या टोप्या घातलेल्या, फ्रान्समधल्या ब्रिटनी भागातल्या खेडवळ बायका, नुकतंच प्रवचन ऐकून आलेल्या. झोंबी त्यांच्या मनात चाललीये. छोट्या थंबनेलमधे तुम्हाला फक्त टोप्याच दिसतील आणि तुम्ही म्हणाल यात याकोब कुठाय, म्हणून झूम करा, नेहमी झूम करा.

शिल्पात बघायचं असेल तर जेकब एपस्टाइन. १९४०-४१ मधे त्याने अलाबास्टरच्या एका प्रचंड दगडात याकोब आणि देवदूत कोरले, लंडनच्या टेटच्या संग्रहात आहे. याकोब पार गळून गेलाय आणि देवदूताने त्याला घट्ट मिठीत उचलून धरलंय. शिल्पकाराचं स्वतःचं नावही याकोबच, हे लक्षात ठेवून ते शिल्प बघा, वेगळं दिसतं.

बाकीचे प्रसंग पटकन सांगतो. म्हातारा आंधळा बिछान्यावर, समोर गुडघे टेकलेला तरुण आणि त्याच्या हाताला केसाळ कातडं, हा एसावाचा आशीर्वाद लाटणारा याकोब, आईने रिबकाने करडाची कातडी बांधून दिलेली, रिबेराचं १६३७ चं आहे आणि रेम्ब्रांटच्या शिष्याचं, गोव्हर्ट फ्लिंकचं १६३८ चं. विहिरीपाशी मेंढरं आणि एक तरुणी, तर राहेल आणि याकोब. रक्ताने माखलेला झगा दाखवतायत आणि म्हातारा कोसळतोय, तर योसेफाचा बाप याकोब, हे वेलास्केथने १६३० मधे काढलं. मरायला टेकलेला म्हातारा आणि समोर दोन लहान मुलं, तर एफ्राईम आणि मनश्शे यांना आशीर्वाद, रेम्ब्रांट, १६५६, जर्मनीत कासेलला आहे. यात एक गंमत लक्षात आली का, याकोब पहिल्यात तरुण आहे आणि शेवटच्यात तो स्वतःच बिछान्यावरचा म्हातारा झालाय. वय बघून कोण ते ठरवायला गेलात तर हमखास चुकणार.

आता शिष्य याकोबांकडे.

मोठा याकोब म्हणजे जब्दीचा मुलगा, योहानाचा भाऊ, धंद्याने कोळी. हेरोदाने त्याला तलवारीने मारलं हे प्रेषितांच्या कृत्यांत बाराव्या अध्यायात आहे, म्हणून कधी हातात तलवार असते. पण त्याची खरी खूण शिंपला. परंपरा अशी की त्याचं शरीर स्पेनच्या वायव्य टोकाला सांतियागो दे कोंपोस्तेलाला पुरलंय, सांतियागो म्हणजेच संत याकोब, आणि मध्ययुगापासून युरोपभरातून लोक तिथे चालत जातात. पोचलेला माणूस तिथल्या समुद्राचा पंख्यासारखा शिंपला टोपीला किंवा झग्याला लावून परत यायचा. हळूहळू चित्रकारांनी तो शिंपला, रुंद काठाची टोपी, काठी आणि भोपळ्याची पाण्याची तुंबी सगळं संतालाच दिलं. म्हणजे बघा, पांडुरंगालाच वारकऱ्याच्या वेशात उभा करावा, खांद्यावर पताका आणि गळ्यात तुळशीची माळ, तसं झालं हे. ज्याच्याकडे लोक चालत जातात त्यालाच चालणारा केला. पौषात त्र्यंबकेश्वरला निवृत्तीनाथांच्या यात्रेला पायी येणाऱ्या दिंड्या बघितलेल्या माणसाला हे समजावून सांगायला लागत नाही.

शिंपला दिसला की संशय संपला, तो मोठा याकोब. शिंपला फार छोटा असू शकतो, छातीवर बटणाएवढा, म्हणून परत सांगतो झूम करा. रेम्ब्रांटने १६६१ मधे हाही याकोब काढला, बाजूने, हात जोडलेले, खांद्यावरच्या कापडावर शिंपला आणि मागे काठी टेकवलेली. १६५९ चा झुंजणारा आणि हा १६६१ चा प्रार्थना करणारा असे दोन्ही फोटो स्क्रीनवर शेजारी शेजारी लावून बघा. एकच चित्रकार, एकच नाव, दोन अडीच वर्षांचं अंतर, आणि एकात शरीर सगळं पणाला लागलंय तर दुसऱ्यात नुसते दोन हात. ओळखायला शिकायचं असेल तर ही जोडी पुरेशी आहे असं मी म्हणेन.

आणि तो घोड्यावरचा? तोही मोठा याकोबच. स्पेनमधे मूर मुसलमानांशी झालेल्या एका लढाईत तो पांढऱ्या घोड्यावरून मदतीला धावून आला अशी दंतकथा नंतर तयार झाली आणि शेकडो चर्चमधे तसे पुतळे आणि चित्रं झाली, टिएपोलोचं १७४९-५० चं चित्र बुडापेस्टला आहे. रंगकाम म्हणून ते अफाट आहे पण मला हा याकोब कधीच पटला नाही, जाळं टाकून येशूच्या मागे गेलेल्या कोळ्याच्या हातात लोकांना कापणारी तलवार देणं हे त्या माणसावर अन्यायच आहे. ओळखायला शिका, पण लहान मुलांच्या चार्टवर लावायच्या आधी ही दंतकथा आहे आणि का तयार झाली हे त्यांना सांगा.

धाकटा याकोब, अल्फीचा मुलगा, याची चित्रं कमी आणि ओळख एका वस्तूवर अडकलेली: लांब दांडका. लोकरीचं नवं विणलेलं कापड ओलं करून बडवून घट्ट करायचे त्या कारागिरांचा हा दांडका, गोदाकाठी धुणं बडवतात ते डोळ्यासमोर आणा. परंपरेत त्याला मंदिराच्या उंचीवरून ढकललं आणि मग अशा दांडक्याने डोक्यात घालून मारलं. ही कथा खरं तर येशूचा भाऊ म्हटल्या जाणाऱ्या, यरुशलेमच्या मंडळीचा प्रमुख असलेल्या याकोबाची (पत्र लिहिणारा याकोब तो हाच असं परंपरा मानते), पण पश्चिमेकडच्या चर्चने हे दोघं एकच मानले त्यामुळे दांडका धाकट्याच्या हातात आला. पूर्वेकडच्या चर्चमधे ते वेगळे आहेत आणि प्रभूचा भाऊ याकोब बिशपच्या पोशाखात दिसतो. काठी आणि दांडका यात गल्लत होते तेव्हा टोक बघा, यात्रेकरूची काठी सरळ आणि बारीक, दांडका एका बाजूला जाड.

आता सरावासाठी घरातलंच चित्र घ्या. आपल्याकडे कितीतरी ख्रिस्ती घरांत जेवणाच्या टेबलावर शेवटच्या भोजनाची प्रिंट असते, लिओनार्दोची, मूळ मिलानच्या सांता मारिया देल्ले ग्राझिए मठाच्या भोजनगृहात, साधारण १४९५ ते १४९८. यात दोन्ही शिष्य याकोब एकाच टेबलावर बसलेत आणि लिओनार्दोने कोणाच्याच हातात शिंपला किंवा दांडका दिलेला नाही. मग कसं ओळखायचं? बसायच्या जागेवरून. आपल्या डावीकडून दुसरा, जो आंद्रियाच्या पाठीमागून हात लांब करून पेत्राच्या खांद्याला लावतोय, तो धाकटा. येशूच्या पलीकडे, आपल्या उजव्या बाजूला, दोन्ही हात फाकवून मागे सरकलेला, तो मोठा. ही नावं आपण कशी सांगू शकतो तर स्वित्झर्लंडमधल्या पोंते काप्रियास्का गावच्या चर्चमधे या चित्राची एक जुनी नक्कल आहे आणि तिच्यात प्रत्येकाचं नाव लिहिलेलं आहे. धाकट्याचा चेहरा येशूशी मिळताजुळता आहे का तेही बघा, नातलग असल्याची परंपरा चित्रकारांना माहीत होती.

मघाशी म्हटलेले अपवाद. झुर्बारानने १६४० च्या दशकात जुना याकोब आणि त्याचे बारा मुलगे अशी तेरा पूर्ण उंचीची चित्रं काढली, इंग्लंडमधे ऑकलंड कासलला आहेत, त्यातला बन्यामीन तेवढा नक्कल आहे. इथला याकोब वाकलेला म्हातारा, काठीवर भार देऊन एकटा उभा, काहीच घडत नाहीये. पहिला प्रश्न इथे फसतो. मग शिंपला शोधा, नाही मिळणार, आणि शेजारच्या बारा चित्रांकडे बघा, बाप आहे हे कळतं. उलट बाजूचा अपवाद म्हणजे इटालियन चित्रकार मांतेन्या, त्याने पादुआच्या ओवेतारी चॅपेलमधे शिष्य याकोबाच्या आयुष्यातले प्रसंग काढले होते, म्हणजे घडतंय सगळं पण याकोब मोठा. ११ मार्च १९४४ च्या बॉम्बहल्ल्यात ते बहुतेक सगळं गेलं, आता जुन्या काळ्यापांढऱ्या फोटोंवरच बघायला मिळतं आणि ते बघताना दर वेळी वाईट वाटतं.

शोधताना शब्द बदलून बघा, यानेच अर्धं काम होतं. नुसतं याकोब टाकलंत तर भेसळ येणार. इटालियन जाकोब्बे टाकलं तर फक्त जुना, जाकोमो टाकलं तर शिष्य. स्पॅनिशमधे हाकोब जुना, सांतियागो शिष्य. फ्रेंचमधे जाकोब आणि जाक. जर्मनमधे याकोब जुना आणि याकोबुस शिष्य. मोठ्यासाठी पुढे इटालियनमधे माज्जोरे, स्पॅनिशमधे मायोर जोडा, धाकट्यासाठी इटालियनमधे मिनोरे, स्पॅनिशमधे मेनोर. शब्द रोमन लिपीत टाका, स्पेलिंग विकीच्या बाजूच्या भाषांच्या यादीतून उचलता येतं. याकूब टाकलंत तर इराणी लघुचित्रं येतील, तोच जुना याकोब, बहुतेक वेळा युसुफच्या कथेतला म्हातारा बाप, डोक्याभोवती ज्वाळांसारखं वलय.

त्या चार्टचं काय झालं विचाराल तर आम्ही तिघांनी बसून दोन चित्रं उचकटली, आणि खाली दुसरा कागद जोडून "दुसरा याकोब" असं लिहिलं. मग आजी म्हणाल्या, आपल्या शरणपूरच्या याकोबाचं चित्र मिळेल का. त्या म्हणत होत्या जेकब वेनराइटबद्दल, गुलामांच्या व्यापाऱ्यांकडून सोडवलेला आफ्रिकन मुलगा, शरणपूरच्या मिशनच्या शाळेत शिकला, आफ्रिकेत फिरलेले मिशनरी आणि शोधक डॉ. लिव्हिंग्स्टन १८७३ मधे तिथेच वारले तेव्हा झाडावर त्यांचं नाव कोरणारा आणि १८७४ मधे लंडनला वेस्टमिन्स्टर ॲबीत शवपेटीला खांदा देणाऱ्यांतला एक. मिळाला फोटो. पातळ अंगाचा तरुण, हातात काठी नाही की शिंपला नाही, शेजारी लिव्हिंग्स्टनची शवपेटी. पोरीने तो तिसऱ्या कागदावर लावला आणि खाली काय लिहायचं हे आजींना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "नाशिकचा याकोब लिही."